विमा एजंटाचा फोन: नावं कुठून आणायची, कधी लावायचा, काय बोलायचं

नवा एजंट साधारण एकाच ठिकाणी अडतो. एजंट व्हायची आयसी-३८ ची परीक्षा पास होते, एजन्सी कोड मिळतो, पहिल्या काही महिन्यांत भाऊ, मेहुणा, वर्गमित्र, किराणा दुकानदार यांच्या पॉलिस्या होतात आणि मग नावं संपतात. एजंटांवर देखरेख करणारे कंपनीचे विकास अधिकारी म्हणतात, "रोज फोन लावा." कुणाला लावायचा आणि लागल्यावर काय बोलायचं, हे तिथं कुणी नीट सांगत नाही. हे लिखाण त्या एजंटांसाठी आहे.

मी विट्याची. तालुका खानापूर, जिल्हा सांगली. आयुर्विम्याचं काम एलआयसीचं, शिवाय एका आरोग्य विमा कंपनीची आणि एका सर्वसाधारण विमा कंपनीची एजन्सी. आमच्या भागातली घरंच्या घरं गलाईच्या धंद्यात आहेत. जुनं सोनं-चांदी वितळवायचं, शुद्ध करायचं, टंच म्हणजे शुद्धता काढून द्यायची, असं हे काम. दुष्काळामुळे पोटासाठी बाहेर पडलेली ही माणसं आज केरळपासून पंजाबपर्यंत सराफ कट्ट्यांवर दुकानं टाकून आहेत. आता टेंभू सिंचन योजनेचं पाणी आलं, ऊस दिसायला लागला, तरी दुकान सोडून कोण परत येतो? त्यामुळे माझं बरंचसं गिऱ्हाईक बाराशे-पंधराशे किलोमीटरवर राहतं आणि दिवाळीला, गावच्या यात्रेला किंवा मे महिन्याच्या लग्नसराईत गावी येतं. मोटारसायकल काढून दारात जायची सोय मला नाही. फोन हीच माझी दारावरची कडी.

तरी फोनवर मी पॉलिसी विकत नाही. फोनवर फक्त वेळ मागते: अर्धा तास, व्हिडिओ कॉलवर किंवा गावी आल्यावर घरी. बाकी जे काही सांगते ते या एका गोष्टीभोवतीच आहे, कारण फोनवर योजना समजावायला बसलं की समोरचा ऐकतो आणि "पाठवा व्हॉट्सॲपवर" म्हणतो. तिथं काम संपतं.

आधी सिम वाचवा

हा भाग रटाळ आहे, पण तो टाळला तर नंबर बंद होतो, म्हणून तो आधी.

जाहिरातीच्या फोनांसाठी ट्रायचे, म्हणजे दूरसंचार नियामकाचे, २०१८ चे नियम आहेत. लोकांना १९०९ वर असे फोन बंद करून घेता येतात. विक्रीचे फोन नोंदणीकृत टेलिमार्केटरनं १४० ने सुरू होणाऱ्या नंबरवरून करायचे, आणि बँका-विमा कंपन्यांच्या सेवेच्या फोनसाठी १६०० ची मालिका आहे. आपल्या साध्या दहा आकडी मोबाइलवरून अनोळखी माणसांना विक्रीचे फोन करत सुटणं नियमात बसत नाही. फेब्रुवारी २०२५ च्या दुरुस्तीनं हे आणखी कडक झालं. पूर्वी सात दिवसांत दहा तक्रारी आल्या तर कारवाई व्हायची, आता दहा दिवसांत पाच तक्रारी पुरतात. तक्रार करायला पूर्वी तीन दिवस होते, आता सात आहेत, आणि ज्यानं डीएनडी, म्हणजे १९०९ वर असे फोन बंद, केलेलं नाही तोही तक्रार करू शकतो. पहिल्या वेळी पंधरा दिवस तुमचे बाहेर जाणारे फोन बंद. पुन्हा तसंच केलं तर सगळी कनेक्शनं वर्षभर बंद, सगळ्या कंपन्यांकडून.

चिडलेली पाच माणसं एवढंच लागतं. एजंटाचा नंबर वर्षभर बंद राहिला तर त्याच्या जुन्या पार्ट्यांचे, म्हणजे गिऱ्हाइकांचे, दाव्याचे फोन कुणाला जाणार?

म्हणून याद्या विकत घेऊ नका. "पाच हजार नंबर, सगळे नोकरदार" असं सांगणारे लोक विट्यातही भेटतात. मोबाइल दुकानातली यादी, शाळेच्या पालकांचा ग्रुप, दवाखान्यातलं रजिस्टर, यांतलं काहीही नको. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे आणि त्याचा गाभा एवढाच, की माणसानं ज्या कामासाठी माहिती दिली त्याच कामाला ती वापरायची. पोराच्या शाळेसाठी दिलेला नंबर विम्यासाठी नसतो. मोठ्या ब्रोकर कंपन्या १४० चा नंबर, कॉल रेकॉर्डिंग, प्रशिक्षित माणसं हे सगळं उभं करतात, त्यांना ते परवडतं. एकट्या एजंटानं त्या वाटेला जाऊ नये असं माझं मत आहे.

मग फोन कुणाला करायचा? ज्याची पॉलिसी तुम्ही सांभाळता त्याला. ज्यानं स्वतः विचारलं त्याला. आणि ज्याला ओळखीच्या माणसानं आधी कल्पना दिली आणि ज्यानं "हो, करू दे फोन" म्हटलं, त्याला. हा होकार तोंडी ठेवू नका. व्हॉट्सॲपवर एक ओळ मागून घ्या आणि ती जपून ठेवा. माझ्या बऱ्याच पार्ट्या नुसता अंगठा पाठवतात, तोही चालतो. मात्र एकदा विचारपूस केली म्हणजे जन्मभराची परवानगी मिळाली, असं समजू नका.

नावं कुठून येतात

नावांचा सगळ्यात मोठा साठा आपल्याच कपाटात असतो आणि तिथं कुणी बघत नाही. जुन्या पॉलिस्यांच्या फायली काढा. एका जाड वहीत प्रत्येक घराला एक पान द्या. पानावर काय लिहायचं? घरातली सगळी माणसं, जन्मतारखा, कुणाची कोणती पॉलिसी, हप्त्याची तारीख, नॉमिनी कोण, गाडीचा विमा कधी संपतो, कोण कुठल्या गावात धंद्याला आहे, आणि गावी कधी येतात. संगणकावर करणारे करतात. मला वहीच बरी, फोन कानाला असताना पान उलटता येतं.

ही वही भरली की फोन करायचं कारण शोधावं लागत नाही, तारखाच कारण देतात.

वयाची तारीख घ्या. एलआयसीच्या बऱ्याच योजनांत वय जवळच्या वाढदिवसानं धरतात. म्हणजे वाढदिवस झाल्यावर सहा महिन्यांनी वय एकानं वाढतं आणि त्याबरोबर नव्या पॉलिसीचा हप्ताही. वाढदिवसाच्या दिवशी शुभेच्छा सगळेच देतात. मी त्यानंतर पाचव्या महिन्यात फोन करते.

गाडीचा विमा संपायच्या तीन आठवडे आधी. थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा विमा, ती तर कायद्यानंच लागते, आणि पूर्ण विमा असेल तर नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दलची सूट, हा बोलायचा विषय. पहिल्या वर्षी २० टक्क्यांपासून चढत पाच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत जाणारी ही सूट, विमा संपल्यावर ९० दिवसांत नूतनीकरण केलं नाही तर सगळी जाते. हे ऐकून माणूस गाडीच्या डिकीतला कागद काढायला उठतोच. गाडीच्या विम्यात आपल्याला फार मिळत नाही, पण तो दरवर्षी घराचं दार उघडतो.

आरोग्य विम्यात कंपनी बदलायची असेल तर नूतनीकरणाच्या किमान ४५ दिवस आधी अर्ज करावा लागतो. म्हणून तिथं फोन दोन महिने आधी. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झालाय. पूर्वी मेडिक्लेमवर आणि टर्मवर, म्हणजे निव्वळ मृत्यूच्या संरक्षणाच्या विम्यावर, १८ टक्के लागायचा. "हप्ता परवडत नाही" म्हणून ज्यांनी त्या आधी नकार दिला, त्यांना हे सांगायला परत एकदा फोन करणं रास्त आहे. एकदाच.

बंद पडलेल्या पॉलिस्या वेगळ्या काढा. पहिला न भरलेला हप्ता ज्या तारखेचा, तिथून पाच वर्षांपर्यंत एलआयसीची पारंपरिक पॉलिसी पुन्हा चालू करता येते. हा फोन लोकांना आवडतो, कारण त्यात त्यांचेच अडकलेले पैसे असतात. शाखेत विचारून बघा, एजंट सोडून गेलेल्या किंवा वारलेल्या, म्हणजे ज्यांना वाली नाही अशा पॉलिस्या सेवेसाठी मिळतात का. काम कमी मिळकतीचं दिसतं, पण अशा घरात कित्येक वर्षं कुणी फिरकलेलं नसतं.

आणखी एक. प्रधानमंत्री जीवनज्योती योजनेचे ४३६ रुपये दरवर्षी अनेकांच्या खात्यातून आपोआप कापले जातात आणि घरात बायकोला ते माहीतही नसतं. दोन लाखांचं संरक्षण, पण मागायचं कुणी आणि कुठं? मी पार्टीला म्हणते, पासबुकावर ४३६ आणि २० रुपयांची नोंद शोधा, २० ची म्हणजे अपघात विम्याची. ती सापडली की बँकेत नॉमिनी कोण ते विचारा. यात मला कवडी मिळत नाही. पण हे सांगितल्यावर "आणि आमच्या धाकट्याचंबी बघा की" असं पुढचं नाव येतं.

ते नाव आलं की लगेच फोन लावू नका. ज्यानं नाव दिलं त्यालाच म्हणा, "तुम्ही आधी त्यांच्याशी बोला, ते हो म्हणाले तरच मी लावते." या एका दिवसाच्या थांबण्यानं पुढच्या बोलण्याचा रंगच पालटतो.

कधी लावायचा

वेळ चुकली की चांगलं बोलणंही वाया जातं, आणि ही वेळ पुस्तकात मिळत नाही, ज्याच्या त्याच्या धंद्यात मिळते.

गलाईवाल्याला दुकानात भट्टी चालू असताना, समोर दुसऱ्याचं सोनं असताना फोन लावणं म्हणजे शिव्या खाणं. वजनाकडं लक्ष, ॲसिडचा धूर, गिऱ्हाईक उभं. त्यांना मी सकाळी दुकान उघडायच्या आधी किंवा रात्री जेवणं झाल्यावर लावते. सोन्याचा भाव एकदम वरखाली झाला की त्या दिवशी अजिबात नाही. बातम्या बघून घ्या.

तासगावकडचे द्राक्षवाले फळछाटणीच्या दिवसांत, ऑक्टोबरात, आणि माल निघायच्या वेळी बोलायच्या मनःस्थितीत नसतात. शेतीची लाइट रात्रीची असेल तर माणूस रात्रभर मोटारीवर असतो आणि सकाळी झोपतो. त्याला नऊ वाजता उठवू नका. शिक्षकांना शाळा सुटल्यावर. यंत्रमागावरच्या कामगाराला पाळी बदलताना नव्हे, सुट्टीच्या दिवशी. खटखटाटात त्याला ऐकूही येत नाही.

पितृपक्षात आमच्याकडं नवीन पॉलिसीवर सही कुणी करत नाही. समजावत बसू नका. तो पंधरवडा मी नॉमिनी बदल, पत्ता, बँक खातं, मोबाइल नंबर अशा दुरुस्त्यांच्या फोनांना देते. माणसं तेव्हा घरातल्या गेलेल्यांबद्दल बोलत असतात, आणि नॉमिनीचा विषय काढायला ती वेळ अजिबात विचित्र वाटत नाही. नवरात्रात घटस्थापना झाली की मग नव्या कामाचे फोन.

जानेवारी ते मार्च हा पूर्वी टॅक्स वाचवणाऱ्यांचा हंगाम. आता नवीन कररचना आपोआप लागू होते आणि तिच्यात विमा-बचतीवरची, ८० सी म्हणून ओळखली जाणारी दीड लाखांची वजावट नाही. म्हणून नोकरदाराला "टॅक्स वाचवायचाय का?" हा पहिला प्रश्न टाकू नका. आधी विचारा, कोणती कररचना घेतलीय. ज्याला ते सांगता येत नाही, त्याला त्याच्या ऑफिसात विचारायला सांगा, आणि दोन दिवसांनी परत बोला.

लागल्यावर काय बोलायचं

माझं पहिलं वाक्य जवळपास ठरलेलं आहे:

"नमस्कार दादा, विट्याहून बोलतेय, विमा एजंट. लेंगऱ्याच्या आबांनी तुमचा नंबर दिला, तुम्हाला ते बोलले असतील. आत्ता दोन मिनिटं आहेत का, का दुकानात गिऱ्हाईक हाय?"

यात गाव आधी आलं आहे. परमुलखात बसलेल्या माणसाला "विट्याहून" हा शब्द ऐकला की फोन कापवत नाही. मग मी कोण ते सरळ सांगितलं. "एक महत्त्वाची माहिती द्यायची होती", "तुमची निवड झाली आहे" अशी लपवाछपवी करून मग विमा म्हटलं की समोरचा चिडतो, आणि त्याचं चिडणं बरोबर असतं. मग नंबर कुणी दिला ते. आणि शेवटी त्याला सुटायची वाट. "गिऱ्हाईक हाय" म्हणाला तर "बरं, कधी लावू?" एवढंच विचारून ठेवून द्या. त्यानं सांगितलेल्या वेळेला, मिनिटभर पुढं-मागं न करता, लावा. दुसऱ्यांदा तो माणूस वेगळ्या आवाजात बोलतो.

वेळ आहे म्हणाला, तर एकच कारण सांगा. एकच. गाडी, मेडिक्लेम, मुलीचं शिक्षण, पेन्शन असं सगळं एका दमात ओतलं तर त्याच्या लक्षात काहीच राहत नाही.

"दादा, तुमच्या लग्नाआधीची पॉलिसी आहे म्हणाले आबा. त्यावर नॉमिनी अजून आईच असतील, नाही का?"

"असंल की. कोण बघतंय ते."

"आई आहेत का आता?"

"गेली ओ, चार वर्सं झाली."

इथं थोडं थांबायचं. घाईनं फॉर्मवर उडी मारायची नाही. मग, "मग ते बदलायला लागतंय. एका फॉर्मचं काम आहे. तुम्ही नि वहिनी दोघं असाल तेव्हा अर्धा तास द्या, बाकीचे कागदही बघू. कधी जमंल?"

प्रशिक्षणाच्या वर्गात शिकवतात की "शनिवारी येऊ की रविवारी?" असं विचारा, म्हणजे नाही म्हणायची वाटच राहत नाही. दिवसभर दुसऱ्याच्या सोन्याचा टंच काढणाऱ्या माणसावर असली युक्ती चालवू नका. "कधी जमंल" हे सरळ विचारलेलं पुरतं. नाही जमत म्हणाला तर नाही जमत.

हप्ता किती येईल, हे फोनवर सांगायचा मोह आवरा. वय, तंबाखू, आजार आणि कामाचं स्वरूप बघितल्याशिवाय आकडा खरा नसतो. गलाईच्या कामात नायट्रिक ॲसिड हाताळावं लागतं. प्रपोजलमध्ये, म्हणजे विम्याच्या अर्जात, "व्यापार" लिहून ते झाकणारे एजंट मी बघितलेत. पॉलिसी काढल्यापासून तीन वर्षांच्या आत दावा आला तर कंपनी खोटी माहिती शोधून पॉलिसी नाकारू शकते, आणि मग एजंटाचा फोन लागत नाही. मी पहिल्याच भेटीत सांगते: भट्टीवर कोण बसतो, धूर जायला पंखा आहे का, तंबाखू खाता का, सगळं लिहायचं. हप्ता वाढला तर वाढू दे.

आणि फोनवर ज्या गोष्टी तोंडातून निघताच कामा नयेत: "पहिला हप्ता मी भरतो", "कमिशनमधलं तुम्हाला देतो". विमा कायदा १९३८ च्या कलम ४१ प्रमाणे हे दोन्ही गुन्हे आहेत, दंड दहा लाखांपर्यंत. गावाकडं हे सर्रास मागतात. "तो दुसरा एजंट देतोय की!" म्हणतात. मी म्हणते, त्याच्याकडूनच घ्या, आणि दाव्याच्या वेळी त्यालाच फोन करा. बोनसचा आकडा छातीठोकपणे सांगू नका. बोनस दरवर्षी जाहीर होतो, पुढच्या वीस वर्षांचा कुणालाच ठाऊक नसतो.

"तुम्ही फ्रॉड तर न्हाई?"

हा प्रश्न आता दर दोन-चार फोनमागं येतो, आणि यायलाच हवा. लोकांचे पैसे गेलेत. याचा राग धरू नका, उलट त्या माणसाला शाबासकी द्या. मी म्हणते, "बरं केलं विचारलं. माझा एजन्सी कोड, नाव, शाखा व्हॉट्सॲपवर टाकते. शाखेत फोन करून खात्री करा, मग बोलू. आणि हप्ता माझ्या खात्यात कधीच टाकायचा नाही, कंपनीच्या ॲपवर, वेबसाइटवर नाहीतर शाखेत."

ओटीपीचं मात्र आधीच स्पष्ट करावं लागतं. बिनकागदी प्रपोजल भरताना आधार पडताळणीचा ओटीपी येतो, आणि बँकवाले तर रोज सांगतात ओटीपी कुणाला देऊ नका. मी पहिल्या फोनला सांगून ठेवते: अचानक फोन करून ओटीपी मागणार नाही, मागितला तर तो फोन माझा नाही. फॉर्म भरायला व्हिडिओ कॉलवर समोरासमोर बसू, तुम्ही स्क्रीन बघाल, तेव्हाच त्याचं काम.

काही जण सांगतात, "परवा आयआरडीएतनं फोन आलता. जुन्या पॉलिसीचा बोनस अडकलाय, सोडवायला एक नवीन पॉलिसी काढा म्हणाले." यावर पाच मिनिटं खर्च करा, विक्रीचं बाजूला ठेवून. आयआरडीएआय ही नियामक संस्था आहे. ती पॉलिसी विकत नाही, बोनस जाहीर करत नाही, हप्त्याचे पैसे गुंतवत नाही, हे ती स्वतःच जाहिरातींतून सांगते. असा फोन आला तर पोलिसांत तक्रार, पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० ला. कंपनीविरुद्धची तक्रार असेल तर आयआरडीएआयचा १५५२५५. हे नंबर मी मेसेजमध्ये तयार ठेवलेत.

बाकीचे नकार ओळखायला शिका. "आमच्याकडं आहे" म्हणणाऱ्याला "छान, किती रकमेचा आहे?" विचारा. बऱ्याचदा त्याला हप्ता पाठ असतो, विमा रक्कम माहीत नसते. तो ती शोधायला तयार झाला, की भेटीचं कारण मिळालं. "पैसे नाहीत" हे खरंही असू शकतं. द्राक्षाचे पैसे व्यापाऱ्याकडं अडकलेल्या माणसाला वार्षिक हप्त्याचं ओझं लावलं तर दुसऱ्या वर्षी पॉलिसी बंद पडते आणि नाव तुमचं खराब होतं. "बघू नंतर" म्हणजे नाही. तारीख दिली तरच ते नंतर. आणि "परत फोन करू नका" म्हणाला, तर वहीत त्या पानावर लाल रेघ मारा आणि त्या नंबरला पुन्हा हात लावू नका, वाढदिवसाचा मेसेजसुद्धा नाही.

वहिनींचा फोन

पुरुष एजंट हे टाळतात, म्हणून वेगळं लिहिते. नवरा बाहेरगावी, बायको गावी सासूपाशी, मुलांची शाळा इथं. अशी घरं आमच्याकडं पुष्कळ. पॉलिसीचा कागद कोणत्या ट्रंकेत आहे ते वहिनीला माहीत असतं, दादांना नाही. नवऱ्याला सांगून, त्याच्या परवानगीनं वहिनीशी बोला. त्यांना एकच विचारा, "काही झालं तर कुठं फोन करायचा, माहितीय का?" गप्प झाल्या तर पुढचं बोलणं त्याच काढतात.

धंदेवाल्यांच्या बायकांसाठी एक गोष्ट माहीत असू द्या. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा १८७४ चा कायदा आहे, त्याच्या कलम ६ खाली नवऱ्यानं काढलेली पॉलिसी बायको-मुलांसाठी राखून ठेवता येते आणि धंद्यात ज्यांचं देणं आहे त्यांना सहसा तिच्यावर हात टाकता येत नाही. मात्र प्रपोजल देतानाच वेगळा फॉर्म भरावा लागतो, नंतर जोडता येत नाही. सराफ कट्ट्यावर उधारी आणि उसनवारी कशी चालते हे ज्याला ठाऊक आहे, त्याला हे दोन वाक्यांत कळतं. फोनवर दोनच वाक्यं बोला, बाकी भेटीत.

फोन ठेवल्यावर

लगेच वहीत लिहा. काय ठरलं, कुणाचं नाव निघालं, मुलगी कितवीत आहे, गुडघ्याचं ऑपरेशन झालं का. मग एक छोटा मेसेज: माझं नाव, कोड, कंपनी, ठरलेली वेळ. योजनेचं रंगीत चित्र पाठवू नका, सुविचार तर मुळीच नको.

फोन उचलला नाही तर त्या दिवशी परत लावू नका. वेगळ्या दिवशी, वेगळ्या वेळी. तिसऱ्यांदाही नाही उचलला तर मेसेज टाकून सोडून द्या. मिस्ड कॉलची रांग बघून माणूस नंबर ब्लॉक करतो, वर ट्रूकॉलरवर स्पॅम म्हणून टाकतो. ते एकदा लागलं की ओळखीचेही उचलत नाहीत.

पॉलिसी झाली की पंधरा दिवसांनी एक फोन लावा, तो विक्रीचा नाही. बाँड, म्हणजे पॉलिसीचा कागद, मिळाला का, नाव-जन्मतारीख बरोबर आहे का, आणि पटलं नाही तर ३० दिवसांत परत करता येतं हे पुन्हा सांगा. आधी ही मुदत १५ दिवस होती, २०२४ पासून वाढली. एजंटांना वाटतं हे सांगितलं तर पार्टी परत करील. ज्याला परत करायची आहे तो करणारच. पुढच्या वर्षी हप्ता थकवून करण्यापेक्षा आत्ता केलेली बरी.

मदतीला कुणी ठेवायचं असेल तर

माझ्याकडं शेजारची एक मुलगी दुपारी येते, बीकॉम करतेय. ती हप्त्यांची आठवण आणि भेटीच्या वेळा एवढंच बघते. योजना समजावणं, हप्ता सांगणं, "हीच घ्या" म्हणणं तिनं करायचं नाही, कारण ते परवान्याचं काम आहे. कुणी योजनेचं विचारलं तर तिचं उत्तर ठरलेलं: "काकी सांगतील, कधी लावायला सांगू?" पगार ठरावीक द्या. पॉलिसीमागं पैसे देऊ नका, ते नियमात बसत नाही आणि त्यानं ती लोकांच्या मागं लागायला शिकते. आजारपणाची पानं तिच्या हातात देऊ नका. लहान गावात कुणाला साखर निघाली ही बातमी संध्याकाळपर्यंत वेशीवर पोचते.

हिशोब

वहीच्या शेवटच्या पानावर दर आठवड्याला चार आकडे: किती फोन लावले, किती जण नीट बोलले, किती भेटी ठरल्या, किती प्रपोजलं गेली. दुसऱ्या कुणाशी तुलना नको, आपल्याच मागच्या आठवड्याशी करा. उचलतच नसतील तर वेळ चुकतेय. उचलून लगेच ठेवत असतील तर पहिलं वाक्य बदला, बहुतेक तुम्ही कंपनीचं नाव आधी घेताय आणि गावाचं शेवटी. छान गप्पा होतात पण भेट ठरत नाही, म्हणजे फोनवरच सगळं सांगून मोकळे होताय. भेटी होतात आणि प्रपोजल होत नाही, तर तो दोष फोनचा नाही, त्याच्यावर वेगळं लिहावं लागेल.

एप्रिल सुरू झाला की मी वहीतून गावी येणाऱ्यांची यादी काढते, गावच्या यात्रांच्या तारखांप्रमाणे. त्यांना फक्त एवढंच विचारते, कधी येताय आणि किती दिवस आहात. लग्नाच्या दिवशी, हळदीच्या दिवशी कुणाच्या दारात जात नाही. परत निघायच्या आदल्या दिवशीही नाही, तेव्हा घरात पिशव्या भरणं चालू असतं आणि शेंगदाणे, चटणी, भाकरीचं पीठ यांतून कुणाला मान वर करायला वेळ नसतो. मधले दोन-तीन दिवस सापडले की पुरे. जाताना त्यांच्या घरातल्या सगळ्या पॉलिस्यांचा एका पानाचा तक्ता न्यायचा, मोठ्या अक्षरात, म्हाताऱ्या आईलाही वाचता येईल असा.